पुलाखाली उतरा: आतल्या रस्त्यांनी विदर्भ बघणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न असा: दिवाळीनंतर आठ दिवस मोकळे आहेत, नागपुरातून स्वतःची गाडी काढायची, समृद्धी महामार्ग टाळून आतल्या रस्त्यांनी विदर्भ फिरायचा आणि वाटेतले पूल बघायचे. नावाजलेले कोणते, दुर्लक्षित कोणते, आणि पूल ‘बघायचा’ म्हणजे नेमकं काय बघायचं?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तोच चुकला तर बाकीची यादी फुकट. मी बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. बहुतेक नोकरी अमरावती, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या उपविभागांत. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली की पुलावरून जाणाऱ्याला पूल दिसतच नाही. त्याला दिसतात दोन कठडे आणि मधलं डांबर. पूल बघायला खाली उतरावं लागतं. जवळपास प्रत्येक जुन्या पुलाच्या अंगाने एक पायवाट नदीत उतरते. गुराखी, धुणं घेऊन जाणाऱ्या बाया, मासे धरणारे भोई, सगळे तिच्यानेच जातात. गाडी डांबराच्या पूर्ण बाहेर लावा आणि त्या वाटेने खाली जा. चपला नकोत, बूट घाला. बाभळीचे काटे असतात आणि पुलाखालच्या गारव्याला साप येऊन बसतात.

खाली गेल्यावर लगेच वर बघू नका. आधी काठावरच्या झाडांकडे बघा. फांद्यांत गवताचे पुंजके, वाहून आलेल्या पऱ्हाट्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसतील. यंदाचं पाणी तिथवर चढलं होतं. मग पुलाच्या खांबावर रंगवलेली पूरपातळीची खूण शोधा आणि दोन्हींचा मेळ लावून बघा. नंतर खांबाच्या बुडाशी जा. वरच्या अंगाने येणारं पाणी खांबावर आपटून खाली वळतं आणि बुडाची वाळू उकरतं. खात्याच्या भाषेत ‘स्कावर’, गावाच्या भाषेत ‘डोह पडला’. बैलगाड्या जाऊन दहाचाकी ट्रक आले तरी वरच्या ओझ्याने पूल पडल्याचं क्वचितच ऐकू येतं. पूल जातात ते बहुतेक असे पायाखालून.

आपल्याकडच्या नद्यांचा स्वभावही लक्षात असू द्या. आठ महिने वाळू आणि उरलेल्या चारांतले आठ-दहा दिवस नुसता कहर. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदी नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये शिरली आणि २०४ माणसं गेली. तीच वर्धा मे महिन्यात पँट न दुमडता ओलांडता येते. अशा नदीवर किती उंच आणि किती लांब पूल बांधायचा, हा इथल्या प्रत्येक अभियंत्यापुढचा खरा प्रश्न असतो, आणि प्रत्येक पूल म्हणजे त्या प्रश्नाला त्या काळच्या पैशांत दिलेलं उत्तर.

म्हणून माझ्या लेखी सगळ्यात दुर्लक्षित पूल म्हणजे रपटा. तुमच्याकडे त्याला फरशी म्हणतात. नाल्याच्या तळापासून हात-दोन हात उंच काँक्रीटची फरस, खाली सिमेंटचे पाइप, बाजूला कठडा नाही, फक्त पांढरे रंगवलेले ठोकळे. आठ दिवसांत तुम्ही असे शंभर ओलांडाल आणि एकही तुमच्या लक्षात राहणार नाही. त्याचाच मोठा भाऊ म्हणजे बुडता पूल, कागदोपत्री ‘सबमर्सिबल’. हे दोघं पाण्याशी भांडत नाहीत. पूर आला की बुडतात, ओसरला की वर येतात. पण बुडून परत वर येणं सोपं नसतं, त्यासाठी पूल तसा घडवावा लागतो. खालून बघाल तर स्लॅबच्या कडा गोलसर केलेल्या असतात, पाणी सहज घसरून जावं म्हणून. कठडे लोखंडी पाइपांचे आणि काढता येणारे. पावसाळ्याच्या तोंडी मैलकुली, म्हणजे रस्त्याची निगा राखणारे खात्याचे मजूर, ते उपसून ठेवतात, नाहीतर वाहून आलेली झाडं त्यांना अडकतात आणि पुलाचा बंधारा होतो. स्लॅब खांबाला जाड सळयांनी जखडलेला असतो, कारण बुडताना त्याच्याखाली हवा कोंडते आणि ती एवढा मोठा काँक्रीटचा ठोकळासुद्धा उचलायला बघते.

रपट्याने मला स्वतःला एकदा धडा शिकवला आहे. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं. यवतमाळ जिल्ह्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी राजदूत मोटरसायकल घेऊन तालुक्याला निघालो होतो. रपट्यावर घोट्याएवढं गढूळ पाणी. काठावर दोन शेतकरी बैल धुऊन बसले होते. त्यातला म्हातारा म्हणाला, “थांबा जरासक साहेब, अर्ध्या घंट्यात उतरते पानी.” मला बैठकीची घाई. मध्यावर पोचलो आणि मागचं चाक हळूहळू खालच्या अंगाला सरकायला लागलं. पाणी ढकलतंय हे कळेपर्यंत गाडी गेली होती आणि मी एका पांढऱ्या ठोकळ्याला मिठी मारून बसलो होतो. त्या दोघांनी बैलाचा कासरा टाकून मला ओढलं. राजदूत दुसऱ्या दिवशी तीनेकशे पावलांवर वाळूत मिळाली, फक्त हँडल वर. म्हातारा मला चहा पाजताना एवढंच म्हणाला, “रपटा तुमच्याच खात्यानं बांधला न जी? मंग तुमाले तं मालूम पायजे होतं.”

तुम्ही दिवाळीनंतर येताय म्हणजे पुराची भीती जवळपास नाही. तरी अवकाळी गाठू शकतो. फूटभर वाहतं पाणी छोट्या मोटारीला तरंगवायला पुरतं, दोन फुटांत जीपसुद्धा राहत नाही. पाणी गढूळ असेल तर खालची फरस जागेवर आहे की वाहून गेली, हे वरून कुणालाच सांगता येत नाही.

आता वाटेला लागू. पहिल्या दिवशी नागपूर–वर्धा रस्ता धरा आणि पवनारला धाम नदीवर थांबा. नदीत काळे खडक, एका काठाला विनोबांचा आश्रम. पर्यटक आश्रम बघून परत फिरतात. पण १९३८ साली तब्येत पार ढासळलेली असताना, वजन ८८ पौंडांवर आलेलं असताना, विनोबा जमनालाल बजाजांच्या इथल्या लाल बंगल्यात विश्रांतीला आले, तेव्हा गाडी धाम नदीच्या पुलावर पोचताच त्यांनी तीन वेळा ‘संन्यस्तं मया’ म्हटलं आणि मनावरचं सगळं काम उतरवून ठेवलं. धामच्या पलीकडे म्हणून त्या जागेचं नाव त्यांनी ‘परंधाम’ ठेवलं. ओझी वाहण्यासाठीच पूल असतात असं आम्हाला शिकवलेलं; ओझं टाकण्यासाठी वापरलेला हा एकच पूल मला माहीत आहे.

तिथून पुलगाव. नावातच पूल आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, तिला वर्धा नदी ओलांडायची होती, आणि त्या पुलाच्या कामामुळे नदीकाठी जी वस्ती झाली तिचं हे गाव. रेल्वेच्या पुलाजवळ जाऊ नका, हद्दीत जायला बंदी आहे आणि शेजारी दारूगोळ्याचं मोठं केंद्रीय भांडार असल्यामुळे कॅमेरा काढलेलाही खपत नाही. रस्त्याच्या पुलावरून दिसेल तेवढं बघा आणि पुढे चला.

पुलगावहून आर्वीला एक अरुंद रेल्वे जायची. तिच्या दोन बहिणी म्हणजे मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणाऱ्या शकुंतला. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापूस वाहायला टाकलेली अडीच फुटी लाइन, रुळांत अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं, आता गाडीच येत नाही. लोक शकुंतलेची स्टेशनं बघायला जातात, तिकीट खिडकीसमोर फोटो काढतात. मी सांगेन की तिच्या मोऱ्या, म्हणजे नाल्यांवरचे छोटे पूल, बघा. दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर या पट्ट्यात रस्ता आणि रूळ पुष्कळदा सोबतीने चालतात, आणि दर थोड्या अंतरावर गवतात दडलेला एखादा छोटा पूल सापडतो. गाडी हलकी, वेग सायकलीपेक्षा थोडा जास्त, म्हणून पूलही तसेच: काळ्या दगडाचे बसके टेकू आणि त्यावर लोखंडी तुळया. दगडाची घडाई बघा. कापसाच्या गाडीसाठी, जिथे कुणी बघणार नाही अशा नाल्यात, पाथरवटाने दगडाच्या चारी कडा छिन्नीने सारख्या केल्या आहेत आणि मधला भाग मुद्दाम खडबडीत ठेवला आहे.

याच पट्ट्यात जुन्या रस्त्यांवर दगडी कमानींच्या मोऱ्या आहेत. त्यांच्यावर जरा रेंगाळतो, कारण त्या मला फार आवडतात आणि त्यांचे हाल मी बघितले आहेत.

कमान उभी राहते ती एकमेकांना ढकलणाऱ्या दगडांवर. प्रत्येक दगड पाचरीच्या आकाराचा. आधी लाकडी साचा उभारायचा, दोन्ही बाजूंनी दगड लावत वर यायचं, शेवटी मधोमध कळीचा दगड ठोकून बसवायचा आणि मग साचा काढायचा. साचा निघाला की कमान किंचित बसते आणि दगड एकमेकांना घट्ट आवळतात. वरून जितकं ओझं तितकी आवळण घट्ट, म्हणून बैलगाडीसाठी बांधलेल्या कमानीवरून आज उसाचे नाही तरी सोयाबीनचे भरलेले ट्रक जातात. सांध्यांत चुना असतो. चुना सिमेंटसारखा कडक नसतो, थोडा दबतो, श्वास घेतो, आणि बारीक चीर पडली तर ओलाव्यात स्वतःच बुजवतो.

माझ्या हाताखाली एक मैलकुली होते, निवृत्तीला आलेले. तपासणीला गेलो की ते माझ्या आधी मोरीत वाकून शिरायचे आणि छोट्या हातोडीने कमानीचा एकेक दगड वाजवायचे. टण्, टण्, टण्, आणि मध्येच भद्द. भद्द वाजला की तिथे खडूने फुली. आतला चुना धुऊन गेलाय, दगड सुटा झालाय. मी डिग्री घेऊन आलो होतो, पण कमान ऐकायची असते हे त्यांच्याकडून शिकलो. एका मोरीत फुल्याच फुल्या निघाल्या. कारण शोधलं तर दोन-तीन वर्षांपूर्वी कुणा ठेकेदाराने सगळे सांधे बाहेरून सिमेंटने छान लिंपून दिले होते. दिसायला नवी कोरी. पण वरच्या रस्त्यातून भरावात झिरपलेलं पाणी पूर्वी चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडायचं, ते आता आत कोंडून चुना खात बसलं होतं. बिल निघालेलं होतं, पाटी लागलेली होती. आम्ही सिमेंट खरवडून काढलं आणि परत चुना भरला. चुना मळायला येणारा माणूस शोधण्यातच पंधरा दिवस गेले.

दुसरा वैरी पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं, पहिल्या वर्षी चार पानं, पाचव्या वर्षी मनगटाएवढं मूळ. वरून तोडून उपयोग नाही, तो दुप्पट फुटतो; मुळासकट काढावा लागतो आणि तेवढा दगड सोडवून परत बसवावा लागतो. पिंपळ तोडायला माणसं तयार नसतात, ही आणखी एक अडचण. आमच्या त्या मैलकुलींचा तोडगा असा होता की आधी नारळ फोडायचा, माफी मागायची, मग पहार लावायची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरची इंग्रजकालीन कमान वाहून गेली आणि राज्यभर जुन्या पुलांच्या तपासण्या सुरू झाल्या, तेव्हा आमच्याकडेही फायली धावल्या. मला त्या दिवसांत सारखी त्यांची हातोडी आठवत होती.

मूर्तिजापूरहून दर्यापूरकडे निघालात की पूर्णा लागते. इथे दगड विसरा. हा खारपाणपट्टा. खोलवर नुसता गाळ आणि काळी माती, विहिरीचं पाणी मचूळ. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, भेगांत हात जातो. खाली खडकच लागत नाही, मग पूल उभा कशावर करायचा? तर विहिरीवर. नदीच्या पात्रात गोल भिंतीची विहीर उभारायची, तळाला धारदार पोलादी कडा, आणि आतली माती उपसत जायची. विहीर स्वतःच्या वजनाने खाली उतरते. वर आणखी भिंत चढवायची, आणखी उपसायचं. ठरलेल्या खोलीला पोचली की तळ काँक्रीटने बंद करायचा, पोटात वाळू भरायची आणि डोक्यावर खांब उभारायचा. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात एका बाजूला चिवट चिकणमाती लागली की विहीर कलते, आणि हजारभर टनांची कललेली विहीर सरळ करणं म्हणजे मारक्या बैलाला जू लावण्यासारखं. उंच बाजूची माती जास्त उपसायची, त्या बाजूला वजन टाकायचं, आणि रात्रभर जागायचं. पूर्णेवरच्या पुलाखाली उभे राहिलात की जेवढा खांब दिसतो त्याहून जास्त पूल तुमच्या पायाखाली असतो.

या मातीत जुने पूल कसे थकतात याचा दाखला अकोला–अकोट रस्त्यावर आहे. गांधीग्रामजवळचा पूर्णेवरचा इंग्रजी अमदानीतला पूल २०२२ मध्ये तडे गेल्यामुळे वाहतुकीला बंद करावा लागला, आणि दोन गावांतल्या लोकांना एकदम कळलं की आपण रोज काय ओलांडत होतो.

अकोटच्या पुढे सातपुडा. अकोला–खंडवा मीटरगेज लाइन मेळघाटातून चढायची आणि धूळघाटाला चढ कमी करण्यासाठी मोठा वेढा घेऊन स्वतःलाच ओलांडायची. लोक त्याला ‘चारचा आकडा’ म्हणतात. प्रवासी खिडकीतून आपण आत्ताच सोडलेले रूळ खाली बघायचे. गाड्या २०१७ पासून बंद आहेत, भाग व्याघ्र प्रकल्पाचा आहे, परवानगीशिवाय जाता येत नाही. कुणी ‘चला दाखवतो’ म्हटलं तरी जाऊ नका. त्यापेक्षा परतवाड्याहून सेमाडोह–हरिसालचा रस्ता धरा. सिपना नदी त्या रस्त्याला परत परत आडवी येते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. वळणं आंधळी आहेत आणि पूल अरुंद; समोरून एस.टी. आली तर तुम्हीच थांबा, ड्रायव्हर थांबणार नाही. इथल्या पुलांखाली पाणी स्वच्छ असतं आणि ओल्या वाळूत सकाळी पावलांचे ठसे असतात, म्हणून इथे मात्र माझा ‘खाली उतरा’ हा सल्ला लागू नाही.

नावाजलेल्यांबद्दल थोडक्यात. कामठीला कन्हानवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल नागपूरच्या उंबरठ्यावर आहे, जाता-येता बघून होईल. आंभोऱ्याला वैनगंगेवरचा तारांनी तोललेला पूल २०२४ मध्ये सुरू झाला. उंच मनोऱ्यावर काचेची गॅलरी आहे, खाली गोसीखुर्द धरणाचं पसरलेलं पाणी. रविवारी जत्रा असते. पूल देखणा आहे, नाही म्हणणार नाही, आणि जिथे धरणाचं पाणी कायम तुंबलेलं आहे तिथे खांब कमी आणि तारा जास्त हा विचारही बरोबर. पण तिथे लोक गॅलरीतून पाणी बघतात, पुलाकडे पाठ करून. समृद्धी तुम्ही टाळताय ते ठीकच.

मनसरहून खवाशाकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मात्र एक फेरी मारा. पेंचच्या जंगलातून हा रस्ता चौपदरी करायचा ठरला तेव्हा मोठा वाद झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी वन्यप्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला. सगळ्यात छोटी मोकळीक ५० मीटरची, सगळ्यात मोठी ७५० मीटरची. वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावले तेव्हा वाघासह १८ जातींचे प्राणी ये-जा करताना सापडले. तुम्हाला वरून फक्त दोन्ही बाजूंच्या उंच भिंती दिसतील, आवाज आणि उजेड अडवायला लावलेल्या, आणि गाडी थांबवायची नाही. पूल आहे हेसुद्धा बहुतेकांना कळत नाही. ज्यांच्यासाठी बांधला त्यांना कळलंय.

आता ज्यासाठी तुम्ही एक अख्खी सकाळ राखून ठेवाल असा पूल. चंद्रपूर रस्त्यावर वरोऱ्याच्या पुढे भद्रावती, जुनं नाव भांदक. लोक जैन मंदिर बघतात, विजासनची बौद्ध लेणी बघतात. गावाच्या पूर्वेला डोलारा तलाव आहे, तलावात बेट, आणि बेटापर्यंत जाणारा प्राचीन दगडी पूल. इंग्रजांच्या गॅझेटिअरने त्याची मापं देऊन ठेवली आहेत: लांबी १३६ फूट, रुंदी ७ फूट.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीने कमान शोधत होतो. कमान नाहीच. जाडजूड दगडी खांबांच्या दोन रांगा, त्यांच्या डोक्यावर लांब दगडी तुळया, आणि तोच रस्ता. देवळाचा सभामंडप उचलून पाण्यात ठेवावा तसं. आणि खरोखर तेच आहे. हा पूल बांधणारे हात मंदिरं बांधणारे होते. त्यांना जी रीत येत होती ती त्यांनी पाण्यावर लावली. दगड दाबाला बलदंड असतो पण वाकायला अजिबात तयार नसतो. आडवी दगडी तुळई लांब केली की खालच्या बाजूने चिरते. म्हणून खांब इतके जवळजवळ. नदीवर हे जमलं नसतं, पुराने एवढ्या दाटीत ओंडके अडकवून सगळंच नेलं असतं. तलावाचं पाणी उभं, ते ढकलत नाही, म्हणून इथे जमलं. रुंदी सात फूट म्हणजे दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला माघार. पायी जाणाऱ्यांसाठी, पालखीसाठी असावा असं मला त्या रुंदीवरून वाटतं. टेप घेऊन जा, दोन खांबांतलं अंतर मोजा, मग तुळईची जाडी मोजा. तुमच्यातलं कुणी स्थापत्य शिकलेलं असेल तर गणित तिथेच काठावर बसून करता येईल. तुळयांवर चढू नका. त्यांनी पुष्कळ केलंय.

दक्षिणेकडे दिवस उरले तर आलापल्लीचं जंगल ओलांडून भामरागडला जा. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावरचं गाव. पर्लकोटेवरचा जुना ठेंगणा पूल दर पावसाळ्यात बुडत आला आहे, आणि तो बुडाला की भामरागड जगापासून तुटतं, त्यामागच्या गावांची तर गोष्टच सोडा. वर्तमानपत्रात ‘संपर्क तुटला’ अशी दोन ओळींची बातमी येते. त्या दोन ओळींचा अर्थ बाळंतिणीला खाटेवर घालून काठापर्यंत आणणं आणि तिथे थांबून राहणं असा असतो. रपट्याचं मी वर कौतुक केलं खरं. पण जिथे पलीकडे जायला दुसरी वाटच नाही तिथे बुडता पूल बांधणं हे शहाणपण नाही, काटकसर आहे, आणि ती दुसऱ्याच्या जिवावर केलेली असते. खात्यात असताना हे मी टिपणीत लिहिलं होतं, थोड्या सभ्य भाषेत.

शेवटचं टोक सिरोंचा. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते. सिरोंचाहून कालेश्वरला जाणारा गोदावरीवरचा पूल गेल्या दशकातला. त्याआधी लोक नावेने जायचे. खालच्या अंगाला मेडीगड्डा बंधारा आहे, ८५ दारांचा, तोच तेलंगणाला जोडणारा पूलही. २०१९ मध्ये सुरू झाला आणि २१ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी त्याच्या सातव्या टप्प्यातले खांब खचले, वरचा रस्ता डोळ्यांना दिसेल इतका वाकला. पायाखालची वाळू पाण्यासोबत निसटत गेली होती. सुरुवातीला जे सांगितलं तेच, फक्त माप मोठं. बंधाऱ्यावर जायचा प्रयत्न करू नका.

गोदावरीच्या पुलाखाली मात्र नक्की उतरा. मी शेवटचा गेलो तेव्हा खांबाच्या सावलीत एक डोंगा पालथा घातलेला होता आणि म्हातारा नावाडी त्याच्या भेगांत डांबर भरत बसला होता. पूल झाल्यावर उतारू गेले, आता मासे धरतो म्हणाला. त्याला मी २०२० च्या ऑगस्टमधलं पाणी कुठवर आलं होतं ते विचारलं. त्याने खांबाकडे बघितलंही नाही. काठावरच्या एका झाडाकडे बोट केलं आणि म्हणाला, त्या दुसऱ्या फांदीला मी डोंगा बांधला होता.